बटणचं वजन

बटण माझ्याकडे न येता काकूकडे गेला, तो मंगळवार होता आणि संध्याकाळचे सव्वासहा वाजले होते. मला दिवस आणि वेळ दोन्ही पाठ आहेत, कारण अशा गोष्टी मी विसरत नाही.

आमच्या घरात पुढच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत एक लांबलचक बोळ आहे. मधोमध सतरा लाद्या. गेली दोन वर्षं रोज संध्याकाळी मी बटणला पहिल्या लादीवर सोडायचे, स्वतः सतराव्या लादीवर मांडी घालून बसायचे आणि जिभेने टकटक आवाज काढायचे. मग तो यायचा. यायचा म्हणजे काय, सुटायचा! कान मागे, शेपूट सरळ आणि थेट माझ्या बाहीत. बाहीतून खांद्यावर, खांद्यावरून मानेमागे केसांत. तिथे बसून तो दात कुरकुरवायचा. उंदीर खूश झाला की दात कुरकुरवतो हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. बऱ्याच लोकांना उंदरांविषयी काहीच माहीत नसतं, मतं मात्र भरपूर असतात.

त्या मंगळवारी काकू बरोबर मध्ये, नवव्या लादीवर, भिंतीला टेकून मोजे काढत बसली होती. कामावरून दमून आली होती म्हणे. बसायला अख्खं घर होतं, पण तिला नेमका बोळ सापडला. बटण डुगडुगत निघाला, नवव्या लादीपाशी थांबला, तिच्या मोज्याचा मनापासून वास घेतला आणि तिच्या मांडीवर चढायला लागला. पुढचे पाय चढले, मागचे चढेनात. काकूने हळूच त्याच्या बुडाखाली तळहात लावला. तो वर गेला, एक गोल फेरी मारून बसला आणि दात कुरकुरवू लागला.

इकडे मी सतराव्या लादीवर. टकटक. टकटक.

"अगं, हा असा काय करतोय?" काकू म्हणाली. "थंडी वाजतेय का याला?"

"नाही," मी म्हणाले. "अपचन झालं असेल."

काकू म्हणजे माझ्या काकाची बायको. तिला आमच्या घरात येऊन तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, पण बाबांचा तो नावापुरता, खरा माझा होता. बटणला घरात आणलं तेही आम्ही दोघांनी, काकाच्या जाकिटाच्या आतल्या खिशातून. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत उंदरांना फार पिल्लं झाली होती. विज्ञानाच्या बाईंनी वर्गात विचारलं, "कुणाला हवंय?" कुणी हात वर केला नाही. मीही नाही, कारण तेव्हा मी हात वर करणाऱ्यांतली नव्हते. मधल्या सुट्टीत हळूच जाऊन मागितलं. पाठीवर वाटोळा काळा ठिपका, म्हणून बटण. आईला तो दिसला तेव्हा तो पिठाच्या डब्यावर बसून मिशा साफ करत होता.

"एक तर हा राहील नाहीतर मी," आई म्हणाली.

"वहिनी, तो खातो कमी," काका म्हणाला. आईने लाटणं उचललं, पण हसूही आलं तिला, आणि हसणाऱ्या माणसाकडून काम होतं हे काकाला पक्कं ठाऊक होतं.

पुढची दोन वर्षं दर रविवारी पिंजरा धुणं हे माझं आणि काकाचं काम. मग काकाचं लग्न झालं आणि रविवारी तो तिच्याबरोबर पडदे बघायला जायला लागला. पडदे! पाच महिन्यांत दोन खिडक्यांचे पडदे ठरत नाहीत, असं कुठे असतं का? तेव्हापासून पिंजरा मी एकटी धुते. काकूला घरातले सगळे अगं-तुगं करायचे, मी मात्र "तुम्ही" म्हणायचे, बँकेतल्या बाईंशी बोलतात तसं. आईने दोनदा डोळे वटारले. मी म्हटलं, आदर आहे माझा.

माझी एकच मजा होती. काकू उंदरांना घाबरायची. पहिल्या दिवशी बटण पलंगाखालून बाहेर आला आणि नवी काकू नव्या साडीनिशी जेवणाच्या खुर्चीवर उभी! मी तोंडाने सॉरी म्हणाले, पण मनात लाडू फुटत होते. म्हटलं, चला, काका गेला तर गेला, बटणला तरी ही हात लावणार नाही.

चौथ्या महिन्यात त्याच खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या बसल्या ती म्हणाली, "याचा मागचा डावा पाय उशिरा येतोय."

काकू फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे गुडघे, कंबरा, खांदे चालते करते. चालणारं काहीही दिसलं की तिची नजर पायांवर जाते, मग तो माणूस असो की कबुतर.

"तो असाच चालतो," मी म्हणाले. "दोन वर्षं बघतेय मी."

पण ती कामाला गेल्यावर मी पिंजऱ्यासमोर पालथी पडले आणि बघितलं. डावं पाऊल उशिरा येत होतं. बोटं आत दुमडली जात होती. वरच्या फळीवर चढताना त्याचा मागचा भाग एका बाजूला कलला, तो घसरला, आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात कान खाजवू लागला. मला कसं दिसलं नाही? तर मला वेळ नव्हता. यावर्षी मला बोलता यायला लागलं होतं. सकाळच्या प्रार्थनेनंतर, तीनशे मुलांसमोर, हातात कागद न घेता मी उंदरांवर पाच मिनिटं बोलले होते आणि टाळ्या थांबत नव्हत्या. त्यानंतर वादविवाद, मग नाटक, मग वर्गप्रतिनिधी. बटणमुळे मी बोलायला शिकले आणि बोलण्याच्या नादात बटणचे पाय बघायचे राहिले. ते बघितले कुणी? खुर्चीवर उभ्या राहणाऱ्या बाईने. याचा मला जो राग आला तो मी आजवर कुणावर काढलेला नाही एवढा होता, आणि काढायचा कुणावर हेही कळत नव्हतं, म्हणून काकूवर काढला.

प्राण्यांच्या डॉक्टरकडे काका येणार होता. ऐन वेळी काकू म्हणाली, "माझी सुट्टी आहे, मी जाते हिच्याबरोबर."

दवाखान्यात दोन कुत्रे, एक मांजर आणि आम्ही. माझ्या मांडीवर बुटांच्या खोक्यात बटण. डॉक्टर म्हणजे कपाळावर चष्मा चढवलेल्या एक उंच बाई होत्या. त्यांनी बटणला टेबलावर ठेवलं, त्याचं एकेक मागचं पाऊल उलटं करून सोडलं आणि तो ते सरळ करतो का ते पाहिलं. उजवं त्याने लगेच सरळ केलं. डाव्याला वेळ लागला.

"वय?"

"अडीच वर्षं," मी म्हणाले.

"म्हणजे आजोबा आहेत." त्यांनी त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. "हे म्हातारपण आहे. कण्यातल्या नसा थकतात, मग मागच्या पायांना निरोप नीट पोचत नाही. सांधेही कुरकुरत असतील. नसांसाठी माझ्याकडे काही नाही, खोटं कशाला बोलू? सांध्यांसाठी ही पावडर देऊन बघू. मांजरांची आहे, एका कॅप्सूलचे आठ भाग करायचे, रोज एक भाग. काहींना फरक पडतो, काहींना काडीचा पडत नाही. पण एक गोष्ट मात्र पूर्ण तुमच्या हातात आहे. वजन. या पायांवर ओझं वाढता कामा नये."

मी घरून पाच मिनिटांची माहिती तयार करून आणली होती. तोंड उघडलं, तेवढ्यात काकू म्हणाली, "मांडीचे स्नायूही उतरलेत ना? हलका व्यायाम घेतला तर?"

डॉक्टरांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "फिजिओ का तुम्ही?"

झालं! पुढची पंधरा मिनिटं दोघी अशा बोलत होत्या जणू शाळेतल्या मैत्रिणी भेटल्या. ताण कसा द्यायचा, टॉवेलवर कसं धरायचं, पिंजरा एकमजली करा, खाली मऊ कापड घाला. मी खोक्याचं झाकण धरून उभी. कुणाचा उंदीर आहे असं कुणी विचारलंच नाही.

"पावडर रोज एकाच वेळी द्या," डॉक्टर म्हणाल्या. "आणि त्याआधी वजन."

"सकाळी सातला मी देईन," काकू म्हणाली.

सकाळी सातला मी शाळेच्या बसची वाट बघत कोपऱ्यावर उभी असते. हे तिला माहीत होतं का? मला तेव्हा खात्री होती की होतं.

पहिल्या दिवशी तिने भांडी घासायचे पिवळे हातमोजे घातले. काकाने फोटो काढला. चौथ्या दिवशी एकच हातमोजा, आठव्या दिवशी एकही नाही. हे सगळं मला काका सांगायचा, कौतुकाने, आणि ते ऐकून माझ्या पोटात जे दुखायचं त्याला कुठली पावडर नव्हती. सुट्टीच्या दिवशी मी स्वतः पाहिलं. काकू काळ्या कागदावर कॅप्सूल उघडायची, जुन्या ओळखपत्राच्या कडेने पांढऱ्या पावडरीची सरळ रेघ करायची, रेघेचे दोन भाग, दोनाचे चार, चाराचे आठ. एक भाग वाटाण्याएवढ्या केळ्यात. बाकीचे सात स्टीलच्या डबीत. डबीचं झाकण वाजलं की बटण पिंजऱ्याच्या दाराशी. आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर, प्लास्टिकच्या वाडग्यात बसून वजन. ते फ्रिजवरच्या तक्त्यात, तारखेसह. मग केळं. मग त्याच्या मागच्या पायांना सायकल चालवल्यासारखा व्यायाम. आणि एक दिवस त्याने तिच्या बाहीवर थेंबभर मुतून ठेवलं. म्हणजे, ही माझी आहे.

"शी!" आई म्हणाली.

"अय्या, नको पुसू," काकू म्हणाली. "राहू दे."

दोन वर्षं माझ्या गणवेशाच्या बाहीवर होती ती खूण!

आता खरं काय ते लिहिते. बोळातल्या त्या मंगळवारच्या दुसऱ्याच दिवसापासून मी चार वाजताचं सुरू केलं. अडीचला मी शाळेतून येते, आई चारला शिवणाचे कपडे पोचवायला बाहेर पडते आणि सहापर्यंत घरात फक्त मी आणि बटण. बाटलीतली एकेक कॅप्सूल मी कंपासपेटीत ठेवायचे. कोनमापकावर पावडर काढायची, अंदाजाने चिमूट घ्यायची. स्वतःला सांगितलं की पावडर दुप्पट झाली तर पाय दुप्पट लवकर बरे होतील. पण केवळ पावडर द्यायची असती तर मीही वाटाण्याएवढं केळं घेतलं असतं. मी घेतलं पीनट बटर. त्यात बाळांना देतात ते गोड सत्त्व. आधी वाटाण्याएवढं, मग बदामाएवढं, आणि मग, जाऊ दे, अक्रोडाएवढं. बटणने दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून, मान डोलावत ते खाल्लं. खाऊन झाल्यावर माझा अंगठा चाटला. मी म्हटलं, घे, काढ आता काळा कागद!

फरक लगेच पडला. बोळात तो नवव्या लादीकडे न बघता पुढे यायला लागला. मी बाहीच्या आत थोडं पीनट बटर लावायचे, त्यामुळे जरा मदत व्हायची. काकू स्वयंपाकघराच्या दारातून बघायची.

"तुझ्यावर किती जीव आहे ग त्याचा," ती एकदा म्हणाली.

"असणारच," मी म्हणाले.

ती आत गेली. मी मनात म्हटलं, हरली.

फ्रिजवरचा तक्ता मात्र वेगळंच सांगत होता. चारशे अडुसष्ट ग्रॅमवर सुरू झालेला बटण चारशे शहात्तर झाला, मग चारशे सत्त्याण्णव, मग पाचशे आठ. काकूने शेवटच्या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. मग रोजचं खाणं दाणे मोजून द्यायला लागली. तरी पाचशे एकोणीस. एका सकाळी, शाळेला सुट्टी होती तेव्हा, ती काट्यावर मिठाचा अर्धा किलोचा बंद पुडा ठेवून बघताना दिसली. काटा बरोबर होता.

आणि बोळातल्या लाद्या कमी होत गेल्या. सतराव्या लादीपर्यंत त्याला दम निघेना, म्हणून मी चौदाव्या लादीवर बसायला लागले. मग बाराव्या. मग दहाव्या. म्हटलं, चालतं, नियम मीच केलाय. तो आता पुढच्या दोन पायांनी स्वतःला ओढायचा, मागचं सगळं गोणीसारखं फरफटत यायचं. पिंजऱ्यात ओल्यात बसून राहायचा, त्याने पोटाखालचे केस चिकटायचे. काकू संध्याकाळी कोमट पाण्याने ते धुवायची, कापसाने टिपायची.

एका शुक्रवारी मी पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे चालले होते, तेवढ्यात आत तिचा आवाज ऐकू आला.

"वहिनी, माझ्याच हातून काहीतरी चुकतंय. सगळं मोजून देतेय, तरी तो फुगतोय आणि पाय जाताहेत. लोकांची हाडं चालती करते मी, आणि हा एवढासा जीव..."

"अगं, म्हातारा झालाय तो," आई म्हणाली.

"तो तिचा आहे. मीच मध्ये घुसले. उद्या डॉक्टरांना दाखवते आणि मग सगळं तिच्याकडे देऊन टाकते. तिलाही तेच हवंय, मला कळतं ते."

गेले कित्येक आठवडे मला हेच ऐकायचं होतं. मी तिथे नाचायला हवं होतं. पाणी न पिताच परत आले.

शनिवारी पुन्हा तोच दवाखाना. डॉक्टरांनी काकूचा तक्ता वाचला, बटणचं पोट दोन बोटांनी दाबून पाहिलं, पुन्हा तक्ता वाचला.

"खाणं एवढंच? नक्की?"

"दाणे मोजून," काकू म्हणाली. "वहीत आहेत."

"मग हे जमत नाही. एवढ्या खाण्यावर एवढ्या दिवसांत पन्नास ग्रॅम वाढत नाहीत." त्यांनी चष्मा काढला. "आत काहीतरी वाढत असेल. गाठ, किंवा पाणी. एक्स-रे काढावा लागेल. हा स्वस्थ पडणार नाही, म्हणजे भूल द्यावी लागणार. आणि या वयात भूल दिली तर तो उठेलच अशी खात्री मी देऊ शकत नाही. पण आत काय आहे ते न बघता पावडर देत राहणंही बरोबर नाही."

त्यांनी एक फॉर्म पुढे सरकवला. खाली सहीची जागा होती.

काकूने पेन उचललं नाही. ती माझ्याकडे वळली. "तू सांग. तो तुझा आहे. तू म्हणशील तसं करू."

तीनशे मुलांसमोर बोलणारी मी. इथे समोर दोन बायका आणि एक उंदीर, आणि माझी बोबडी वळलेली. बटण टेबलावर, पसरट, मागचे दोन्ही पाय एकाच बाजूला टाकून बसला होता आणि माझ्या बाहीचा वास घेत होता. त्याला वाटलं असेल चार वाजले.

"मी देते," मी म्हणाले.

"काय देतेस?" डॉक्टर म्हणाल्या. "सही मोठ्यांची लागते."

"सही नाही. पीनट बटर. रोज चार वाजता."

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला.

"किती?" डॉक्टरांनी विचारलं.

मी दोन बोटांत वाटाण्याएवढी जागा दाखवली.

"खरं दाखव."

मी बोटं लांब केली. डॉक्टर बघत राहिल्या. मी आणखी लांब केली.

"आई ग!" डॉक्टर म्हणाल्या. "कधीपासून?"

"महिन्याभरापासून. आणि पावडरसुद्धा. अंदाजाने."

"का पण?"

मी काट्याकडे बघून बोलले, कारण दुसरीकडे कुठे बघता येत नव्हतं. "तो हिच्याकडे जायचा."

काकू हळू आवाजात म्हणाली, "मी मिठाच्या पुड्याने काटा तपासला. तीनदा." आणि मग, "मला वाटलं मी मारतेय त्याला."

ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ओरडण्याला उत्तर देता येतं मला.

डॉक्टरांनी बटणला पुन्हा उचललं, पोट, काखा, मानेखाली सगळीकडे चाचपलं. "आता कळतंय मी काय दाबत होते. चरबी आहे ही. फॉर्म ठेवा बाजूला. पावडर एकच भाग, पीनट बटर बंद, अगदी बाटलीचा वासही नको. वजन उतरलं नाही तर मात्र एक्स-रेला पर्याय नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दुप्पट पावडरीने फार तर पोट बिघडतं. पण ओझ्याने पाय लवकर गेले असते. थोडे गेलेतच. ते परत येतील असं मी सांगणार नाही."

"माझंही एक आहे," काकू अचानक म्हणाली. "वजन झाल्यावर मी त्याला दोन वाटाणे द्यायचे. वहीत न लिहिता."

"वाटाण्यांनी कुणी असं फुगत नाही हो," डॉक्टर म्हणाल्या.

"तरी. सांगून टाकलं." आणि ती बटणच्या ठिपक्यावरून बोट फिरवत राहिली. "त्या घरात माझ्याकडे आपणहून आलेला हा पहिलाच. बाकी सगळे चांगलेच आहेत. पण बोलवावं लागायचं."

हे ती डॉक्टरांना सांगत होती. ऐकायला मी होते.

घरी जाताना ती माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं होतं, कबूल केलं की झालं, मिठी वगैरे मारतात. काही नाही. नऊ दिवस काकू माझ्याशी फक्त बटणमार्फत बोलली. "बटण, तुझ्या मालकिणीला सांग, खालचं कापड बदलायचंय." "बटण, तिला सांग, कंपासपेटी धुऊन ठेव." आईला सगळं कळल्यावर ती जे बोलली ते इथे लिहीत नाही. काका म्हणाला, "तुला हेवा वाटत होता तर मला सांगायचंस." मी म्हटलं, "तू पडदे बघत होतास." पुढच्या रविवारी पिंजरा धुवायला तो माझ्याआधी बाथरूममध्ये उभा होता, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून. ब्रश मात्र मी दिला नाही त्याला. पाणी ओतायला सांगितलं.

दहाव्या दिवशी मी पाचला उठले. सातच्या ऐवजी सहाला वजन केलं तर मलाही तिथे असता येईल, असं मी बटणला सांगितलं, म्हणजे काकूला ऐकू जाईल अशा आवाजात. तिने डबी उचलली, झाकण वाजवलं आणि काळा कागद माझ्यापुढे सरकवला.

"ओळखपत्र सरळ धर," ती म्हणाली. "तिरकं झालं की भाग चुकतात."

माझे आठ भाग आठ आकारांचे झाले. तिने सगळी पावडर पुन्हा एकत्र केली. तिसऱ्या वेळी जमलं.

वजन उतरत गेलं. पाचशे सहा, चारशे चौऱ्याण्णव, चारशे त्र्याऐंशी. पाय मात्र आले नाहीत. पावडरने फरक पडला का, मला माहीत नाही. काकू म्हणते बसायला तो थोडा मोकळा झालाय, पण काकू सगळ्याच पेशंटांबद्दल असं म्हणते. ओल्यात बसणं थांबलं, केस पुन्हा मऊ झाले. पळणार तो आता नाही.

म्हणून काकूने माझ्या जुन्या मोज्याची रुंद पट्टी कापली. ती बटणच्या मागच्या पायांच्या पुढून, पोटाखालून घ्यायची आणि दोन्ही टोकं वर हलकेच उचलून धरायची, म्हणजे मागचा भार आपल्या हातात येतो आणि तो पुढच्या पायांनी चालतो. मागचे पायही अधूनमधून लादीवर टेकतात, आठवण आल्यासारखे. रोज पाच लाद्या, जास्त नाही. या कामाला दोन माणसं लागतात. एकाने वाकून पट्टी धरायची आणि एकाने समोर बसायचं. जो पट्टी धरतो त्याचं तोंड बटणला दिसतच नाही.

पहिल्या दिवशी काकू पट्टी घेऊन वाकली. "जा, बस समोर. टकटक कर."

मी पाचव्या लादीपर्यंत गेले. बसणार होते. सतरा लाद्यांवरून सुटत येणारा बटण मला आठवला, आणि मीच कमी केलेल्या लाद्या आठवल्या. मग परत आले आणि तिच्या हातातून पट्टी काढून घेतली.

"तू बस आज," मी म्हणाले.

"अगं, मला टकटक येत नाही."

"जीभ टाळूला लाव. तशी नाही ग. हां."

काकूची टकटक म्हणजे नळ गळतोय असं वाटत होतं. पण बटणचे कान उठले. मी पट्टी उचलली. तो चालला. माझ्या हातांत त्याचं वजन होतं, सगळंच्या सगळं, चारशे त्र्याऐंशी ग्रॅम, आणि समोर बघत, मिशा हलवत, तो तिच्याकडे चालला होता. एक लादी. दुसरी. मागे वळून त्याने एकदाही पाहिलं नाही. मला आतून इतकं जळत होतं की पट्टी सोडून द्यावीशी वाटली, म्हणून कोपर गुडघ्यांना टेकवून धरले. तिसरी. चौथी. पाचव्या लादीवर काकूने तळहात पसरला, तो त्यात शिरला आणि दात कुरकुरवू लागला.

"ऐकू येतंय तुला?" काकूने विचारलं.

"येतंय," मी म्हणाले.

उद्या माझी पाळी आहे. फ्रिजवरच्या तक्त्यात मी ते लाल पेनने लिहून ठेवलंय आणि खाली दोन रेघा मारल्यात.